फिरता तंत्रप्रचारक

(संगणकासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांना नवे तंत्र समजावून सांगण्यासाठी काही माणसे गावोगाव आणि देशोदेशी फिरत असतात. त्यांचे काम कसे चालते, त्यात आनंद कोणता आणि जबाबदारी कोणती, याची ओळख या पाठात करून दिली आहे.)

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. १९२८ साली याच दिवशी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपला प्रसिद्ध शोध लावला. या दिवशी जुन्नर तालुक्यातील खोडद येथे मोठे विज्ञान प्रदर्शन भरते. गावोगावच्या शाळा आपापले प्रयोग घेऊन तेथे येतात. आमची उर्दू शाळाही एका वर्षी गेली होती. जुन्नरहून नारायणगाव आणि तेथून खोडद असा आमचा प्रवास होता. मुले खिडकीबाहेर पाहत होती. द्राक्षांचे मळे आणि टोमॅटोची शेते मागे पडली आणि एकदम समोर मोठमोठ्या तबकड्या दिसू लागल्या.

ही खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. या दुर्बिणीला एकूण ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांपैकी १४ तबकड्या मध्यभागी, जवळजवळ आहेत. उरलेल्या १६ तबकड्या तीन दिशांना, एकूण सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून बारीक तारांच्या जाळीचा आहे. त्यामुळे वारा आरपार जातो आणि तबकडीचे वजनही कमी राहते. जगातील कोणत्याही देशाचा खगोलशास्त्रज्ञ या दुर्बिणीसाठी वेळ मागू शकतो.

तेथील मार्गदर्शक म्हणाले, “आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी या तबकड्या गोळा करतात. मग तीसही तबकड्यांची माहिती संगणक एकत्र करतो.”

आमच्या आठवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, माहिती कशी एकत्र करायची, हे संगणकाला कोण समजावतो?”

“प्रोग्राम लिहिणारे लोक समजावतात.”

“आणि त्या लोकांना कोण समजावतो?”

सगळे हसले. गर्दीत एक गृहस्थ उभे होते. तेही हसले आणि पुढे येऊन म्हणाले, “बेटा, ते काम माझे आहे!”

अशी आमची त्या पाहुण्यांशी ओळख झाली. ते मूळचे आंबेगाव तालुक्यातले. घोडेगावला वाढले, पुण्यात शिकले. आता ते एका संगणक कंपनीत ‘तंत्रप्रचारक’ म्हणून काम करतात. सुट्टीसाठी गावी आले होते, म्हणून प्रदर्शन पाहायला आले. मी त्यांना आमच्या शाळेत येण्याचे निमंत्रण दिले. त्यांनी ते आनंदाने स्वीकारले.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी पाहुणे शाळेत आले. खांद्याला एक पिशवी होती. पिशवीत लॅपटॉप, निरनिराळ्या तारा आणि विजेचे दोन-तीन प्लग होते. ते म्हणाले, “ही माझी शिदोरी. कोणत्या गावी कोणते भोक कोणत्या प्लगला बसेल, याचा नेम नसतो!” मुले खुदकन हसली आणि पाहुणे परके वाटेनासे झाले.

आधी त्यांनी आपल्या व्यवसायाची गोष्ट सांगितली. “१९८४ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीने मॅकिंटॉश नावाचा नवा संगणक बाजारात आणला. संगणक चांगला होता. पण त्यावर चालणारे प्रोग्रामच नसतील, तर लोक तो का घेतील? शिलाई मशीन आहे आणि धागा नाही, अशी ती गत! म्हणून कंपनीने आपली माणसे दुसऱ्या कंपन्यांतील प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे पाठवली. ‘आमच्या संगणकासाठी प्रोग्राम लिहा, तो कसा लिहायचा ते आम्ही दाखवतो,’ असे ही माणसे सांगत. या कामावरचे पहिले गृहस्थ माईक बॉइच. त्यांच्यानंतर गाय कावासाकी हे फार प्रसिद्ध झाले. या लोकांना इंग्रजीत ‘इव्हँजेलिस्ट’ म्हणू लागले. हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ खुशखबर आणणारा.”

“म्हणजे तुम्ही जाहिरात करता?” एकाने विचारले.

“जाहिरात करणारा म्हणतो, घ्या. मी म्हणतो, बसा, करून पाहू,” पाहुणे उत्तरले. “चला, करूनच पाहू.”

आमच्या शाळेत चालू स्थितीतले चारच संगणक होते. पाहुण्यांनी एकेका संगणकापाशी मुलांचे गट बसवले. मग त्यांनी ‘पायथॉन’ या संगणकीय भाषेची ओळख करून दिली. नेदरलँड्सचे गिडो व्हॅन रोसम यांनी ती तयार केली आणि १९९१ साली लोकांसमोर आणली. ती विनामूल्य मिळते. पायथॉन म्हणजे अजगर, पण या भाषेचे नाव अजगरावरून पडलेले नाही. रोसम यांना दूरदर्शनवरील एक विनोदी इंग्रजी कार्यक्रम आवडत असे, त्याच्या नावावरून ते पडले. ही भाषा वापरणाऱ्यांची देशव्यापी परिषद २००९ पासून भारतात भरू लागली. २०११ साली ती पुण्यात झाली होती.

पाहुण्यांनी एका मुलाला विचारले, “तुझ्या घरी शेती आहे का?”

“हो, टोमॅटो आहेत.”

“मग नारायणगावच्या बाजाराचा हिशेब करू. समज, ३५ क्रेट नेले. एका क्रेटला २२० रुपये भाव मिळाला. गाडीभाडे क्रेटमागे १५ रुपये. हातात किती येतील?”

मुले कागदावर आकडे मांडू लागली. पाहुण्यांनी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. त्यात ‘क्रेट’, ‘भाव’, ‘भाडे’ अशी नावे चक्क देवनागरीत लिहिली. पायथॉनमध्ये तसे चालते. त्यांनी बटण दाबले. उत्तर आलेच नाही! पडद्यावर इंग्रजीत काही मजकूर उमटला. पाहुण्यांची फजिती झाली असे वाटून मुले गप्प झाली.

पाहुणे मात्र शांत होते. ते म्हणाले, “चूक झाली की घाबरायचे नाही. वाचायचे. संगणक म्हणतो, तिसऱ्या ओळीत बघा. शोधा पाहू माझी चूक!”

एका मुलीने ती पकडली. पहिल्या ओळीत ‘क्रेट’ लिहिले होते आणि तिसऱ्या ओळीत ‘क्रट’. एका मात्रेने घोटाळा केला होता. मात्रा दिली आणि उत्तर आले : ७१७५ रुपये. कागदावर हिशेब करणाऱ्यांचेही तेच उत्तर आले होते. मग पाहुण्यांनी भाव बदलून २०० केला. कागदवाल्यांना पुन्हा पहिल्यापासून आकडेमोड करावी लागली. संगणकाने मात्र लगेच ६४७५ हे उत्तर दिले. प्रोग्रामचा उपयोग काय, हे मुलांना न सांगता कळले.

मधल्या सुट्टीत पाहुण्यांनी आपल्या फिरतीविषयी सांगितले. कधी हजार श्रोत्यांचे सभागृह, तर कधी दहा मुलांची खोली. सकाळी एका शहरात, रात्री दुसऱ्या शहरात. कधी विमान, कधी रेल्वे, तर कधी एसटीच्या मागच्या बाकावर बसून प्रवास. वीज गेली तर फळ्यावर शिकवायचे. भाषण संपले तरी काम संपत नाही. ज्याला खरी अडचण असते तो सभेत बोलत नाही. तो सगळे गेल्यावर जवळ येतो. त्याच्याजवळ बसावे लागते. लोकांच्या अडचणी वहीत टिपून घ्यायच्या आणि साधन बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचवायच्या, हे या कामाचे दुसरे अंग. “निरोप दोन्हीकडचा न्यायचा असतो,” ते म्हणाले. मग किंचित हसून पुढे म्हणाले, “माझी लेक लहान होती, तेव्हा तिला वाटे की अब्बांचे ऑफिस स्टेशनवरच आहे. एकदा तर मी ईदच्या आदल्या रात्री उशिरा घर गाठले. ती वाट पाहून झोपली होती.”

सुट्टीनंतर प्रश्नांची वेळ आली. ज्या मुलीने मात्रेची चूक पकडली होती, ती उभी राहिली. दहावीतली ही मुलगी एरवी फारशी बोलत नसे. तिने विचारले, “सर, तुमची वस्तू चांगली आहे म्हणून तुम्ही तिची स्तुती करता, की कंपनी पगार देते म्हणून?”

मी जरा दचकलो. पाहुण्यांना राग येईल की काय, असे मला वाटले. पाहुणे थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि ते बसले.

“बेटा, हा प्रश्न मला आधी कोणी विचारला असता तर बरे झाले असते,” ते म्हणाले. “पूर्वी मी दुसऱ्या एका कंपनीत होतो. तिने एक नवे साधन काढले. मी अकरा शहरांत जाऊन त्याची स्तुती केली. खोटे बोललो नाही, पण त्यातल्या उणिवाही सांगितल्या नाहीत. एका लहान गावातल्या दोन तरुणांनी माझे ऐकले. त्या साधनावर त्यांनी दूध डेअरीच्या हिशेबाचा प्रोग्राम बनवला. पुढच्याच वर्षी कंपनीने ते साधन बंद केले. त्यांची दहा महिन्यांची मेहनत वाया गेली. त्यांचा फोन आला. ते भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘तुम्ही सांगितले, म्हणून आम्ही घेतले.’ माझ्याजवळ जबाब नव्हता.”

वर्गात शांतता पसरली. पाहुणे पुढे सांगू लागले.

“मी घोडेगावला अब्बांकडे गेलो. ते शिलाई मशीन दुरुस्त करत आणि जुन्या मशीन विकत. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, जुन्नर अशा आठवडे बाजारांत त्यांचे दुकान लागे. एक चादर अंथरली की झाले दुकान! मी त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, ‘तू ज्या गावात बोलतोस, तिथे पुन्हा जातोस का?’ मी म्हणालो, ‘क्वचित.’ ते म्हणाले, ‘मग चूक तिथेच आहे. मला पुढच्या आठवड्याला त्याच बाजारात बसायचे असते. वाईट मशीन दिली, तर ते गिऱ्हाईक माझ्यासमोर उभे राहणार. म्हणून मशीन काय शिवते हे मी नंतर सांगतो. काय शिवत नाही, ते आधी सांगतो. ही ताडपत्री शिवणार नाही, असे म्हटले तरी गिऱ्हाईक जात नाही. उलट त्याचा विश्वास बसतो.’

“मी त्या दोन तरुणांकडे गेलो. आठ दिवस त्यांच्याकडे राहिलो. त्यांचा हिशेब आम्ही मुक्त सॉफ्टवेअरवर नेला.”

“मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय?” एका मुलाने विचारले.

“ज्याचा प्रोग्राम कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि दुसऱ्याला देता येतो, ते मुक्त सॉफ्टवेअर. १९८३ साली अमेरिकेचे रिचर्ड स्टॉलमन यांनी ही चळवळ सुरू केली. तिच्या प्रचारासाठी ते अनेक देशांत फिरले, भारतातही आले. मालकाने दुकान बंद केले तरी मुक्त सॉफ्टवेअर दुसरे लोक पुढे चालवू शकतात. पण त्यालाही निगा राखणारी माणसे लागतात. माणसे नसतील, तर तेही मागे पडते. हेही मी सांगितलेच पाहिजे.”

मग ते त्या मुलीकडे वळून म्हणाले, “आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. हो, मला कंपनी पगार देते. हे मी हल्ली भाषणाच्या सुरुवातीलाच सांगतो. आज सांगायला विसरलो, ते तू आठवण करून दिलेस. साधनाने काय होत नाही, ते आधी सांगतो. आणि जिथे बोलतो, तिथे वर्षाच्या आत पुन्हा जातो.”

मुलीने मान डोलावली. पण तिचे समाधान अजून झाले नव्हते. ती म्हणाली, “सर, नावे देवनागरीत लिहिता येतात, तर उर्दूतही येतील का?”

“येतील. लिहून बघ.”

तिने तोच हिशेब उर्दू नावे देऊन लिहिला. उत्तर बरोबर आले : ६४७५. पण तिने उर्दूत छापायला सांगितलेले वाक्य पडद्यावर नीट दिसेना. अक्षरे एकमेकांना जोडलेली नव्हती आणि त्यांचा क्रमही उलटा झाला होता. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तिची अक्षरे जोडून येतात. ज्या खिडकीत उत्तर उमटत होते, तिला हे ठाऊक नव्हते.

पाहुण्यांनी वही काढली. मुलीने काय लिहिले, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, ते तिच्याकडूनच लिहून घेतले. ते म्हणाले, “हिशेब बरोबर आहे आणि अक्षरे तुटली आहेत. दोष पायथॉनचा नाही, दाखवणाऱ्या खिडकीचा आहे. ही तक्रार मी योग्य जागी पोहोचवीन आणि तुला कळवीन.” जाताना त्यांनी मुलांना आणखी एक माहिती दिली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली बोलके धडे तयार झाले आहेत. त्यांतून मुक्त सॉफ्टवेअर घरबसल्या शिकता येते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते ऐकता येतात.

पाहुणे गेले. परीक्षा झाल्या. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि संपली. खरे सांगायचे तर मी ती गोष्ट विसरलो होतो. पावसाळ्यात एक दिवस शाळेच्या पत्त्यावर पत्र आले. त्यात लिहिले होते, “तुमच्या विद्यार्थिनीची तक्रार पोहोचवली आहे. तशी तक्रार आधीही काही जणांनी केली होती, पण तिने लिहून दिलेला नमुना सर्वांत सोपा होता. आता दुरुस्ती करणारे तोच नमुना वापरून तपासणी करत आहेत. दुरुस्ती अजून पूर्ण झालेली नाही. तोपर्यंत उत्तर वेगळ्या फाईलमध्ये काढून ब्राउझरमध्ये उघडावे, म्हणजे उर्दू बरोबर दिसेल. ठरल्याप्रमाणे फेब्रुवारीत येतो.”

ती मुलगी दहावी पास होऊन जुन्नरच्या कॉलेजात गेली होती. मी पत्र तिच्या घरी पोहोचवले. तिने ते दोनदा वाचले. मग विचारले, “सर, फेब्रुवारीत ते येतील तेव्हा मी शाळेत येऊ का? मला आणखी एक चूक सापडली आहे.”

शब्दार्थ

तंत्र – काम करण्याची शास्त्रीय पद्धत
प्रचारक – एखादी गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवणारा
व्यास – वर्तुळाच्या मध्यातून जाणारी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रेषा
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे
गत – अवस्था, हालत
नेम नसणे – खात्री नसणे
फजिती होणे – चारचौघांत अडचण होणे
उणीव – कमतरता, कमी
गिऱ्हाईक – खरेदीदार
ताडपत्री – पावसापासून रक्षण करणारे जाड कापड
निगा राखणे – काळजी घेणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खोडदच्या दुर्बिणीला किती तबकड्या आहेत?
(आ) ‘इव्हँजेलिस्ट’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(इ) पाहुण्यांचे वडील कोणता व्यवसाय करत?
(ई) पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा प्रोग्राम का चालला नाही?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ॲपल कंपनीला तंत्रप्रचारकांची गरज का वाटली?
(आ) मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणतात? त्याचा फायदा कोणता आणि मर्यादा कोणती?
(इ) दोन तरुणांचे नुकसान कशामुळे झाले? पाहुण्यांनी ते कसे भरून काढण्याचा प्रयत्न केला?
(ई) “निरोप दोन्हीकडचा न्यायचा असतो,” असे पाहुणे का म्हणाले?

३. कोण कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) “तू ज्या गावात बोलतोस, तिथे पुन्हा जातोस का?”
(आ) “तुम्ही सांगितले, म्हणून आम्ही घेतले.”
(इ) “मला आणखी एक चूक सापडली आहे.”

४. हिशेब करा आणि उत्तर वाक्यात लिहा.
४० क्रेट टोमॅटो, क्रेटला भाव २५० रुपये, गाडीभाडे क्रेटमागे १५ रुपये. शेतकऱ्याच्या हातात किती रुपये येतील?

५. वाक्यांत उपयोग करा.
नेम नसणे, वाया जाणे, विश्वास बसणे, निगा राखणे

६. बाजार, दुकान, हिशेब, जबाब, कागद, खुशखबर हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. ते उर्दूत कसे लिहितात आणि उच्चारतात ते पाहा. कोणत्या शब्दाचा उच्चार मराठीत बदलला आहे? पाठातून असे आणखी चार शब्द शोधा.

७. उपक्रम
आपल्या गावच्या आठवडे बाजारात जा. एखाद्या विक्रेत्याला विचारा : “गिऱ्हाईक पुन्हा यावे म्हणून तुम्ही काय करता?” त्याचे उत्तर आठ-दहा ओळींत मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.